बाबांची गोळी आणि त्रिज्येचा चौथा घात

अकरावीत बायो सोडलं तेव्हा वाटलं, सुटलो! आणि मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला मी ऑनलाइन कोर्स लावून पुन्हा हृदयाच्या आकृत्या काढत बसलो. कारण घरचंच. बाबांना बीपी. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन दिलेलं, पण "मला काहीच होत नाही" म्हणत ते गोळी मध्येच बंद करायचे.

पेशी, ऊती वगैरे व्हिडिओ, खरं सांगतो, पळवत पाहिले. मग रक्ताभिसरण आलं. हृदय म्हणजे पंप : ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळजवळ ५ लिटर. आणि पुढे पडद्यावर चक्क हेगन-पॉइझ्युलीचं समीकरण! फ्लुइडच्या व्हायवासाठी घोकलेलं. हा पॉइझ्युली मुळात फ्रेंच डॉक्टर. रक्तप्रवाह समजावा म्हणून त्याने बारीक नळ्यांवर प्रयोग केले, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून. त्रिज्या १० टक्के वाढली, तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सुमारे ४६ टक्के जास्त. (रक्त पाण्याइतकं सरळ वागत नाही, तेव्हा गणित ढोबळच.) अ‍ॅम्लोडिपिनमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम कमी शिरतं, स्नायू सैलावतात, नळी रुंदावते, दाब उतरतो. गोळी बंद केली की काही दिवसांत नळी पुन्हा आवळते, आणि वाढलेला दाब बहुतेकांना जाणवतही नाही.

रविवारी बाबांना हे वहीत काढून दाखवलं. "म्हणजे गोळी चालू आहे म्हणून मला काही होत नाही?"

"हो."

गोळी घेतली त्यांनी. ताटात लोणच्याची फोड मात्र होतीच. मिठाचा भाग किडनीच्या धड्यात आहे, तो अजून यायचाय.