दादाची झोप

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा सारा महाराष्ट्र टीव्हीपुढे बसला होता. साताऱ्यात आमच्या घराचे कान मात्र फोनकडे होते. दादा एका ठेकेदाराची गाडी चालवतो. विजेचे खांब, तारा, शिड्या आणि मागे सहा-सात माणसं. पाणी उतरू लागलं तसा त्याला सांगलीचा हुकूम आला. कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा करत तो गेला, तो चौथ्या दिवशी निघाला. परतताना आष्ट्याच्या पुढे त्याला डुलकी लागली आणि गाडी सरळ उसात शिरली. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

वहिनीने चहा पुढे ठेवला आणि एकच विचारलं, "अहो, चार दिवसांत झोपलात किती तास?"

"गाडी कुठं सारखी पळत असती? खांब उभा राहीस्तोवर केबिनमध्ये पडूनच असतोय की."

मी मुद्दाम कायदा काढून वाचला. तेव्हा 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा लागू होता (आता त्याची जागा 2020 च्या नव्या संहितेची). दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, दोन दिवसांच्या कामात सलग 9 तासांची उसंत. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानेही हेच तास धरले. पण वाहतूक कोलमडली, रस्ता अडला, दैवी आपत्ती आली, तर जास्त राबवायची मुभा. आजारी-जखमींना नेणारी गाडी तर 1961 च्या कायद्यातून वगळलेलीच. वीजदुरुस्तीच्या गाडीचं तिथं वेगळं नाव मला सापडलं नाही. अमेरिकेत मात्र वीज-पाणी-गॅसच्या दुरुस्तीगाड्यांच्या चालकांना 2005 पासून तासांच्या केंद्रीय नियमातून सूटच आहे.

सूट का, ते कळतं हो. वीज नाही म्हणजे पाणीयोजना बंद, दवाखाना अंधारात. अशा वेळी घड्याळ दाखवणारा ड्रायव्हर कुणाला हवाय? दादाला तरी ते कुठे जमलं असतं! पण पुरातली ही मुभा संपते कधी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या लॉगबुकात किलोमीटर होते, डिझेल होतं. तासांचा रकानाच नव्हता.

जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगावला दरडी कोसळल्या आणि पुन्हा फोन आला. या वेळी फोन वहिनीने घेतला. "दुसरा ड्रायव्हर द्या, लगेच निघतील," म्हणाली. ठेकेदार कुरकुरला, पण शेजारच्या गावातला एक पोरगा मिळाला. दोघे आलटून पालटून गेले-आले.

तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, वहिनी रोज एक आकडा लिहिते. दादा किती तास झोपला, त्याचा.