जप्तीबाहेरचा संसार

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. डिसेंबर 1874मध्ये तिथल्या कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध 150 रुपयांच्या कर्जापोटी कोर्टाचा हुकूमनामा मिळवला. घराचा ताबा घेऊन तो थांबला नाही, घर पाडायलाच त्याने सुरुवात केली. एका कुळाचे डोक्यावरचे छप्पर सगळ्या गावासमोर उतरू लागले आणि गाव खवळले. सावकारांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांची हजामत करायची नाही, त्यांच्या घरी पाणी भरायचे नाही, असा बहिष्कार पडला आणि तो आसपासच्या गावांत पसरत गेला.

पुढे 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात बाजारच्या दिवशी जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. हिशेबाच्या वह्या, खतपत्रे, रोखे बाहेर ओढून पेटवले गेले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत हेच घडले. या उठावाला इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता, कारण त्याच कागदांच्या जोरावर कोर्ट घरापर्यंत पोचत होते.

कर्ज बुडाले तर सावकाराने ऋणकोचे काय काय न्यायचे आणि काय सोडायचे, हा प्रश्न इंग्रजी अमलाच्या कितीतरी आधीचा आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कामाच्या हंगामात शेतकऱ्याला कर्जासाठी धरू नये, असा नियम आहे. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम धर्मशास्त्रातून आला आणि मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही तो मानला. पेशवाईत वसुलीचा रिवाज तगाद्याचा. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर 1819 साली लिहिलेल्या अहवालात एल्फिन्स्टनने तगाद्याचे प्रकार नोंदवले आहेत: दारात धरणे धरणे, ऋणकोवर पहारा बसवणे, त्याला जेवू न देणे, डोक्यावर दगड देऊन उन्हात एका पायावर उभे करणे. ती पद्धत क्रूरच होती. पण सावकाराला सगळे गावासमोर करावे लागे आणि गावाला दुखवून त्याला तिथे राहणे अवघड होते.

कोर्ट आले तशी ही अडचण गेली. 1859च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने ऋणकोच्या जंगम आणि स्थावर मालमत्तेवर जप्तीची वाट मोकळी केली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना भारतीय कापूस हवा झाला आणि दख्खनमध्ये पैशाचा पूर आला. सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. 1865 साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, तरी सारा मात्र फेरआकारणीत वाढला. कर्ज फेडता येईना. कूळ पुष्कळदा कोर्टात हजरच होत नसे. एकतर्फी हुकूमनामा निघे आणि त्यामागोमाग जप्तीचे वॉरंट.

दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. 1877च्या नव्या संहितेत कलम 266 आले. कोणत्या वस्तू जप्त करता येणार नाहीत याची यादी त्यात होती: ऋणको, त्याची बायको आणि मुले यांचे अंगावरचे आवश्यक कपडे, शेतीची अवजारे, उपजीविकेला लागतील तेवढी जनावरे, मजुरांची मजुरी. शेतकरी राहत असलेल्या घराचे बांधकामाचे सामानही त्या यादीत आले. करड्याच्या घराची तुळई उतरवली जात होती, त्याला तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती.

1879चा दख्खन कृषक साहाय्य कायदा त्याच्याही पुढे गेला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकायचे नाही. खास गहाण टाकलेली नसेल तर त्याची जमीन जप्त करून विकायची नाही. कोर्टाने रोख्यावरचा आकडा तसाच मान्य न करता व्यवहाराच्या सुरुवातीपासूनचा हिशेब तपासायचा. या कायद्याखालच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या न्यायाधीशांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. त्यांनी गावोगावच्या मुनसफांचे आणि समेट घडवणाऱ्यांचे काम जवळून पाहिले.

हा कायदा निर्दोष नव्हता. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत करून घ्यायला सुरुवात केली आणि पुष्कळ जमिनी त्या वाटेने हातच्या गेल्या. तरी एक गोष्ट इथे पक्की झाली. ऋणकोकडे कितीही थकबाकी असली तरी त्याला जगवणाऱ्या आणि कमवू देणाऱ्या वस्तूंना हात लावायचा नाही, हे कायद्याने मान्य केले आणि ते मान्य करायला दख्खनच्या कुणब्यांनी भाग पाडले.

1908ची दिवाणी प्रक्रिया संहिता आजही लागू आहे आणि तिचे कलम 60 म्हणजे संसाराचीच एक यादी आहे. आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा आणि अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारे. शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेपुरती जनावरे आणि बियाणे. शेतकऱ्याचे राहते घर, त्याखालची जागा आणि घराला लागून असलेली गरजेची जमीन. हिशेबाच्या वह्या. पेन्शन. मजुराची मजुरी.

प्रत्यक्ष जप्तीच्या वेळी ही यादी कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जात, म्हणजे दरखास्तीत, वॉरंट निघते आणि बेलिफ पंचांना घेऊन दारात येतो. हॉलमधला टीव्ही, फ्रीज, कपाट, दारातली मोटारसायकल यांची एकेक करून नोंद होते, पंचनामा लिहिला जातो, सह्या होतात. वस्तू तिथेच ठेवायच्या असतील तर त्या कोणाच्या तरी सुपूर्द केल्या जातात. पण स्वयंपाकघरातला तवा, परात, कुकर आणि आतल्या खोलीतल्या गाद्या पंचनाम्यात येत नाहीत. शिंप्याचे शिलाई मशीन, सुताराचे रंधे आणि पटाश्या ही कारागिराची हत्यारे. तो ज्यावर स्वतः राबतो ती हत्यारे वेगळी आणि कामगार लावून चालवलेल्या कारखान्याची यंत्रे वेगळी, असा भेद कोर्टे करत आली आहेत.

कलम 62 दाराबद्दल आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. बाहेरचे दार तोडायचे तर घर ऋणकोच्याच ताब्यात असले पाहिजे आणि त्याने आत येऊ द्यायला नकार दिलेला असला पाहिजे. पडद्यात राहणारी बाई खोलीत असेल तर तिला बाहेर पडायला पुरेसा वेळ द्यावा लागतो.

शहरासाठी मात्र कायद्याचा हात आखडता राहिला. मुंबईसारख्या इलाख्याच्या शहरांसाठी 1909 साली झालेल्या दिवाळखोरी कायद्यात दिवाळखोराची हत्यारे, कपडे, अंथरूण, भांडी आणि सामान मिळून 300 रुपयांपर्यंतच्या वस्तू सोडायच्या असे ठरले. गिरणगावातल्या कामगाराला त्याचाही फारसा उपयोग नव्हता, कारण त्याच्याकडे जप्त करण्यासारखी वस्तू मुळात पगार हीच होती. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात पठाण सावकार काठी घेऊन उभा राही. 1931 साली आलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या अहवालाने या घेरावाची दखल घेतली आणि कामगारांच्या पगाराला जप्तीपासून संरक्षण द्यायला सांगितले. त्यापाठोपाठ 1936 आणि 1937 साली संहितेत दुरुस्त्या झाल्या. खरोखर पैसे नसलेल्या ऋणकोला तुरुंगात पाठवणे अवघड झाले आणि पगाराचा काही भाग जप्तीबाहेर गेला.

त्यानंतरची मोठी दुरुस्ती 1976ची. भविष्यनिर्वाह निधीच्या जोडीला पीपीएफ आणि आयुर्विम्याची रक्कम यादीत आली. शेतमजूर, इतर मजूर आणि घरकामगार यांच्या राहत्या घरालाही शेतकऱ्याच्या घरासारखे संरक्षण मिळाले. भाडेनियंत्रण लागू असलेल्या राहत्या जागेतला भाडेकरूचा हक्क जप्त करता येणार नाही, हे कलम चाळीत राहणाऱ्या मुंबईकरासाठी फार महत्त्वाचे होते. शेतकरी म्हणजे कोण, हेही स्पष्ट झाले: जो जमीन स्वतः कसतो आणि मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर जगतो तो, मग तो मालक असो, कूळ असो की शेतमजूर.

याच दुरुस्तीतले कलम 60चे पोटकलम 1-अ सर्वांत मोलाचे आहे. ही सवलत सोडून देत असल्याचा कोणताही करार रद्दबातल. कर्ज घेताना दहा कागदांवर सह्या होतात आणि त्यातल्या एखाद्यात काय काय लिहून घेतलेले असते ते कोणी वाचत नाही. असा कागद या बाबतीत कोर्टात चालत नाही.

पगाराचा हिशेबही पाहावा. निर्वाहभत्त्याखेरीज दुसऱ्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर राहतात. पगार 31,000 असेल तर 21,000 हातात राहतात आणि 10,000 कापता येतात. एकाच हुकूमनाम्यापोटी 24 महिने कपात झाली की पगार त्या हुकूमनाम्यातून कायमचा सुटतो. हे 1,000 रुपये 1999च्या दुरुस्तीने आले आणि 2002पासून लागू झाले. त्याआधी 1976पासून आकडा 400 होता. या शतकाची दोन दशके उलटून गेली, गहू-तांदळापासून घरभाड्यापर्यंत सगळे बदलले, पण तो 1,000चा आकडा जागचा हललेला नाही.

वसुलीची वाट मात्र बदलली. 2002च्या सरफेसी कायद्याने बँकांना कोर्टाची पायरी न चढता तारण ताब्यात घ्यायचा अधिकार दिला. त्या कायद्यानेही शेतजमीन वगळली आणि कलम 60मधल्या वस्तू वगळल्या, पण त्याच कर्जासाठी खास तारण दिलेल्या वस्तूंना ती सूट नाही. कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर हे शेतीचे अवजार खरे, पण तो स्वतःच तारण असतो. म्हणून हप्ता थकला की बैलजोडी सुटते आणि ट्रॅक्टर जातो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या आजच्या अडचणीचा हा गाभा आहे. वसुली एजंटांच्या दांडगाईवर 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने कठोर शब्दांत टीका केली. ऑगस्ट 2022मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुलीसाठी सकाळी 8पूर्वी आणि संध्याकाळी 7नंतर फोन करायला मनाई केली. 1908च्या सूर्यास्ताच्या नियमाचा हा फोनच्या काळातला अवतार.

पैसा खात्यात जमा व्हायला लागल्यावर नवा पेच आला. पेन्शन जप्त होत नाही, पण ती बँकेत ठेव म्हणून ठेवली तर? राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीनंतर मिळालेले पैसे हाती आले तरी त्यांचे संरक्षण संपत नाही, असा निकाल दिला. 2016च्या दिवाळखोरी संहितेने यादीची नवी मांडणी केली: कामाला लागणारी साधने, पुस्तके, वाहन, घरातले गरजेचे सामान, विमा, पेन्शन आणि एक राहते घर, अर्थात त्यांच्यावर कोणाचा बोजा नसेल तर. 2019च्या नियमांनी दागिन्यांसाठी 1 लाख, शहरातल्या घरासाठी 20 लाख आणि गावातल्या घरासाठी 10 लाख रुपयांची मर्यादा घातली. मात्र हे कंपन्यांच्या कर्जाला व्यक्तिगत हमी देणाऱ्यांपुरते आहे. सामान्य कर्जदारासाठी संहितेचा तो भाग अजून लागू झालेला नाही.

यादी प्रत्येक पिढीत वाढली, पण नेहमी उशिरा आणि कोणीतरी भरडून निघाल्यावर. आज घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मुलाची मोटारसायकल आणि मोबाइल, घरून काम करणाऱ्या बाईचा लॅपटॉप हीच त्यांची अवजारे आहेत. कलम 60मध्ये मात्र शब्द आहेत ‘कारागिराची हत्यारे’. संसदेने हे शब्द आजच्या रोजगाराला पुरतील असे करावेत आणि 1,000 रुपयांचा आकडा महागाईशी जोडून द्यावा. 2016ची मांडणी सामान्य कर्जदारासाठी लागू करणे हा तर आधीच केलेल्या कायद्याचा अंमल आहे. त्याला आणखी थांबायचे कारण नाही.

तोवर दारात बेलिफ आला तर घाबरून सगळे उचलू देऊ नका. सूट असलेल्या वस्तू कोणत्या, ते तिथल्या तिथे सांगा आणि पंचनाम्यात लिहून घ्यायला लावा. वस्तू घरातल्या दुसऱ्या कोणाची असेल तर तेही नोंदवा आणि तिच्या मालकाने कोर्टात हरकत घ्यावी. सूट नाकारली गेली तर त्याच दरखास्तीत कलम 47 खाली अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे अर्जदार यांना वकील विनामूल्य मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.