‘थांब’ म्हणण्याचा अधिकार

२४ जुलै १९०८. लंडनच्या नव्या स्टेडियममध्ये हजारो प्रेक्षक एका दाराकडे डोळे लावून बसले होते. विंडसर किल्ल्यापासून दुपारी अडीचच्या सुमारास निघालेले मॅरेथॉनचे धावपटू त्याच दारातून आत येणार होते. पहिला आला तो इटलीचा डोरांडो पिएत्री, कार्पी गावातल्या मिठाईच्या दुकानात काम करणारा बुटका, सडपातळ तरुण. पण तो आत आला आणि चुकीच्या दिशेने वळला. पंचांनी त्याला वळवले तर तो कोसळला. उठला, चार पावले चालला आणि पुन्हा पडला. असे चार-पाच वेळा झाले. शेवटचे साडेतीनशे मीटर पार करायला त्याला जवळपास दहा मिनिटे लागली. अखेरीस त्याच्या भोवतीच्या अधिकाऱ्यांनी त्याला जवळजवळ धरूनच अंतिम रेषेपलीकडे नेले. वेळ होती २ तास ५४ मिनिटे ४६ सेकंद.

अमेरिकेने लगेच तक्रार केली आणि पिएत्री बाद ठरला. दुसरा आलेला अमेरिकेचा जॉन हेज विजेता झाला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा चषक दिला आणि तो रातोरात जगप्रसिद्ध झाला. ही गोष्ट जिद्दीची कथा म्हणून आजही सांगितली जाते. पण तिच्यात एक वैद्यकीय प्रश्न दडलेला आहे: जो माणूस शुद्धीवर नाही, दिशा विसरला आहे, त्याला ‘आता थांब’ असे कोणी म्हणायचे?

गंमत म्हणजे या प्रश्नाचे उत्तर त्या स्पर्धेच्या नियमांत आधीच छापलेले होते.

घाईत मिळालेले यजमानपद

१९०८चे ऑलिम्पिक खरे तर रोमला व्हायचे होते. १९०६मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, इटलीच्या तिजोरीवर ताण आला आणि रोमने माघार घेतली. लंडनने दोन वर्षांत स्टेडियम उभारले, सुमारे वीस देशांतल्या दोन हजारांच्या आसपास खेळाडूंची व्यवस्था केली आणि प्रत्येक खेळाची नियमावली लिहून काढली.

त्याआधी अथेन्स, पॅरिस आणि सेंट लुईसला स्पर्धा झाल्या होत्या, पण सगळ्या देशांनी मान्य केलेली नियमांची एक चौकट नव्हती. ‘हौशी खेळाडू कोणाला म्हणायचे’ यावरच मोठी खल चाले. पैशासाठी कधीही धावला नाही, धंदेवाईकांबरोबर बक्षिसासाठी उतरला नाही आणि खेळ शिकवून पोट भरले नाही, तोच हौशी अशी ब्रिटिश संघटनेची व्याख्या होती. कॅनडाचा धावपटू टॉम लाँगबोट हौशी नाहीच, असा आक्षेप अमेरिकेने याच स्पर्धेत घेतला होता. तरीही तो धावला आणि तीसेक किलोमीटर झाल्यावर थकून बाहेर पडला.

खेळाडूच्या खिशाची एवढी बारकाईने तपासणी करणाऱ्या त्या काळात त्याच्या शरीराची काळजी घेणारे नियम मात्र नुकतेच आकार घेत होते. ते लिहिण्यामागे चार वर्षांपूर्वीचा एक वाईट अनुभव होता.

सेंट लुईसची धूळ

३० ऑगस्ट १९०४ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात ऑलिम्पिक मॅरेथॉन झाली. वेळ भर दुपारची, तापमान ३० अंशांच्या वर, रस्ता कच्चा आणि चढउतारांचा. धावपटूंच्या पुढेमागे मोटारी आणि घोडे धुरळा उडवत होते. वाटेत पाणी मिळण्याची ठिकाणे अगदी मोजकी होती. यात गैरसोयीपेक्षा हेतू जास्त होता. शरीर पाण्याविना किती तग धरते हे पाहावे, अशी मुख्य आयोजक जेम्स सुलिव्हन यांची कल्पना होती.

३२ जण धावले, १४ जणांनी शर्यत पूर्ण केली. विल्यम गार्सिया रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला. धुळीने त्याच्या पोटात रक्तस्राव झाला होता. विजेता ठरलेला थॉमस हिक्स पाणी मागत होता, तेव्हा मदतनिसांनी त्याला स्ट्रिक्नीन, अंड्यातला पांढरा बलक आणि ब्रँडी दिली. अशी औषधे धावपटूला उपयोगी पडतात, अशी कौतुकाची नोंदही नंतर प्रसिद्ध झाली.

स्ट्रिक्नीन म्हणजे कुचल्याच्या बियांत सापडणारे विष. स्नायूंना ‘आता सैल हो’ असा संदेश देणारी मज्जासंस्थेतली यंत्रणा ते बंद पाडते. अगदी थोड्या प्रमाणात ते तरतरी आणते असा तेव्हा समज होता. मात्रा जरा वाढली की झटके येतात आणि श्वासाचे स्नायू आखडून माणूस दगावतो. हिक्स वाचला, पण अंतिम रेषेपर्यंत पोहोचताना त्याला भास होत होते.

लंडनचे नवे नियम

या पार्श्वभूमीवर लंडनच्या मॅरेथॉनची नियमावली वाचली की ती काळाच्या पुढे वाटते. प्रत्येक स्पर्धकाने धावण्यास योग्य असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणायचे. शर्यतीच्या सुरुवातीला किंवा शर्यत चालू असताना कोणतेही उत्तेजक औषध घ्यायचे नाही आणि कोणी द्यायचेही नाही. तसे केल्यास थेट बाद. आणि तिसरा नियम: मार्गावर फिरणाऱ्या वैद्यकीय पथकातल्या डॉक्टरांनी थांबायला सांगितले तर स्पर्धकाने तत्काळ शर्यत सोडायची.

वाटेत खाण्यापिण्याचीही सोय होती. ऑक्सो या मांसरसाच्या कंपनीने गरम आणि थंड मांसरस, तांदळाची खीर, मनुका, केळी, सोडा आणि दूध असे पदार्थ ठेवले होते. आजच्या धावपटूला ही यादी विचित्र वाटेल, पण साखर, मीठ आणि पाणी या तिन्ही गोष्टी तिच्यात होत्या.

मग पिएत्रीच्या वेळी नियम कुठे गेला? डॉक्टर मायकेल बल्जर तिथे हजर होते. पंच होते, सरबराई करणारे होते. पण तो पहिला होता, रेषा शंभर-दोनशे मीटरवर होती आणि सारे स्टेडियम ओरडत होते. ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार ज्यांना होता त्यांनीच त्याला उठवले, त्याचे अंग चोळले आणि पुढे ढकलले. उघड्यावर, हजारोंसमोर हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत मरेल, ही भीती त्यांनाही वाटत होती. तरीही हात थांबले नाहीत.

शरीरात नेमके काय घडते

धावताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीसाठी वापरला जातो. उरलेल्या तीन हिश्श्यांची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवरून वाळून गेला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला पाहिजे. दमट हवेत तो नुसता ठिबकतो आणि शरीर थंड होत नाही.

दुसरी अडचण इंधनाची. ६० किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावायला साधारण ६० किलोकॅलरी लागतात, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला अडीच हजार. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर साधारण दोन हजार किलोकॅलरींना पुरते. म्हणूनच तीस-बत्तीस किलोमीटरनंतर अनेकांचे पाय शिशासारखे जड होतात. मेंदूला साखर कमी पडली आणि त्याच वेळी शरीर तापले की दिशाभूल, अडखळणे, असंबद्ध बोलणे सुरू होते.

क्रीडावैद्यक सांगते की शर्यत संपल्यावर कोसळणाऱ्यांपैकी बहुतेकांना मोठा धोका नसतो. अचानक थांबल्याने रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. पाय वर करून झोपवले की ते सावरतात. पण जो रेषेच्या आधीच कोसळतो, त्याच्याबाबतीत उष्माघात, साखर घटणे किंवा हृदयाचा विकार यांचा विचार तातडीने करावा लागतो. पिएत्री रेषेच्या आधी पडला होता.

एका सुताराचा मृत्यू

पिएत्री वाचला. चार वर्षांनी स्टॉकहोमला मात्र तसे झाले नाही. १४ जुलै १९१२ रोजी तिथल्या मॅरेथॉनला कडक ऊन होते, सावलीतले तापमान ३२ अंशांच्या आसपास. निम्म्या स्पर्धकांनी शर्यत सोडली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा लिस्बनचा सुतार. उन्हापासून त्वचा वाचावी म्हणून त्याने अंगाला मेणासारखा स्निग्ध लेप लावला होता, असे सांगितले जाते. असा थर घामाच्या वाटा बुजवतो आणि उष्णता आतच कोंडते. तीसाव्या किलोमीटरच्या सुमारास तो पडला, त्याला रुग्णालयात नेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा मृत्यू झाला. आधुनिक ऑलिम्पिकमध्ये स्पर्धेदरम्यानच्या प्रकृतीने झालेला हा पहिला मृत्यू.

शर्यतीनंतर तीनच दिवसांनी, १७ जुलै १९१२ रोजी, त्याच शहरात १७ देशांचे प्रतिनिधी भेटले आणि हौशी मैदानी खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची पायाभरणी झाली. ही बैठक लाझारोमुळे बोलावलेली नव्हती. तिच्यामागे जुने वाद होते. लंडनला ४०० मीटरच्या अंतिम फेरीत अमेरिकेच्या कार्पेंटरने ब्रिटनच्या हॅल्सवेलला अडवले, असे पंचांनी ठरवले होते. मार्गिका आखलेल्या नव्हत्या आणि अमेरिकेत जे चालत होते ते ब्रिटनमध्ये चालत नव्हते. शर्यत दोऱ्या बांधून पुन्हा घ्यायचे ठरले, अमेरिकनांनी नकार दिला आणि हॅल्सवेल एकटाच धावून विजेता झाला. पंच सगळे ब्रिटिशच, हीदेखील तक्रार होती. सगळ्यांसाठी एकच नियमपुस्तक हवे, हे या भांडणांनी पटवले.

त्या पुस्तकात हळूहळू बऱ्याच गोष्टी आल्या. विंडसर ते लंडन हे ४२.१९५ किलोमीटर अंतर १९२१मध्ये प्रमाण ठरले. १९२८मध्ये उत्तेजकांवर बंदी आली, पण ऑलिम्पिकमध्ये तपासणी सुरू व्हायला १९६८ उजाडले.

पाण्याचा लंबक

पाण्याच्या बाबतीत नियमांना शहाणपण यायला सर्वांत जास्त वेळ लागला. १९५३च्या नियमपुस्तकातही पहिल्या १५ किलोमीटरपर्यंत काही पुरवू नये असेच लिहिलेले होते. पाणी पिणे म्हणजे कमकुवतपणा, ही समजूत अनेक दशके टिकली. पुढे लंबक उलट्या टोकाला गेला. ‘जमेल तेवढे प्या’ असा सल्ला मिळू लागला. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातले सोडियम नेहमीपेक्षा कमी आढळले. शर्यतीत वजन वाढलेल्यांना, म्हणजेच घामापेक्षा जास्त पाणी प्यायलेल्यांना, हा धोका अधिक होता. सोडियम फार घटले की मेंदूला सूज येते आणि जिवावर बेतते. आजचा सल्ला म्हणूनच साधा आहे: तहान लागेल तसे प्या, हट्टाने कोरडे राहू नका आणि हट्टाने पोट भरून पिऊ नका.

पुण्याचे अनवाणी धावपटू

या नियमांच्या जगात भारताने पाऊल टाकले ते पुण्यातून. १९१९मध्ये डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकरी कुटुंबांतली मुले पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले. त्यांच्या पुढाकाराने १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय पथक गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटांच्या जरा वर वेळ नोंदवून १९वे आले. तो मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे आजच्या अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून लांब होता. पथकातले सदाशिव दातार यांना मात्र शर्यत पूर्ण करता आली नाही. शर्यत सोडणाऱ्यांची नावे सहसा लक्षात राहत नाहीत, पण सोडणे हादेखील नियमाने दिलेला हक्क आहे.

आज मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत, पहाटेच्या अंधारात सुरू होते. वाटेवर पाणी, रुग्णवाहिका आणि डॉक्टर असतात. ही व्यवस्था सेंट लुईसच्या धुळीतून आणि स्टॉकहोमच्या उन्हातून आलेली आहे. पण दर हंगामात गावोगावी नव्या धावांची भर पडते आहे आणि तयारीविना उतरणारेही वाढत आहेत. अशा वेळी काही गोष्टी धावणाऱ्याने आणि बघणाऱ्यानेही जाणून ठेवाव्यात. ताप, जुलाब किंवा जागरण झाले असेल तर त्या दिवशी धावू नये. छातीत दुखणे किंवा दाटल्यासारखे वाटणे ही थांबण्याची खूण आहे. शेजारचा धावपटू असंबद्ध बोलू लागला, वाकडातिकडा धावू लागला, तर त्याला टाळ्या वाजवून पुढे पाठवू नये. उष्माघाताचा संशय असेल तर आधी थंड करणे आणि मग हलवणे हा क्रम पाळावा: सावलीत घ्यावे, बर्फाच्या पाण्यात बसवावे, ते नसेल तर अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

पिएत्रीच्या भोवती उभे असलेले लोक वाईट नव्हते. त्याने जिंकावे असेच त्यांना वाटत होते. म्हणूनच हा निर्णय धावणाऱ्यावर किंवा त्याच्या चाहत्यांवर सोडता येत नाही. तो नियमात लिहावा लागतो, आणि रेषा शंभर मीटरवर असली तरी पाळावा लागतो.