‘ते तिथे ठेव’: संगणकाशी संवाद आणि महाराष्ट्राबाहेरची मराठी

मनुष्य मनुष्याशी बोलतो तेव्हा तो एकट्या जिभेने बोलत नसतो. वर्गात शिक्षक ‘ते तिथे ठेव’ एवढेच म्हणतो आणि पुढच्या बाकावरचा मुलगा टेबलावरचे पुस्तक उचलून कपाटात ठेवतो. उच्चारलेल्या तीन शब्दांत पुस्तकाचे नाव नाही, कपाटाचेही नाही. ती उणीव शिक्षकाच्या बोटाने, नजरेने आणि त्या वेळच्या प्रसंगाने भरून निघते. व्याकरणात ‘ते’ यास आपण दर्शक सर्वनाम म्हणतो खरे. परंतु दाखविण्याचे काम हात करतो, सर्वनाम केवळ त्याची वर्दी देते.

ही साधी आज्ञा संगणकास कळावी यासाठी झालेल्या प्रयत्नांचा इतिहास आता बराच जुना झाला आहे. सन १९८० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत रिचर्ड बोल्ट या संशोधकाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका खोलीत भिंतीएवढा पडदा, समोर खुर्ची, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मनगटाला हाताची दिशा टिपणारे लहानसे साधन, आणि तोंडाजवळ ध्वनिग्राहक. पडद्यावरील रंगीत आकृतीकडे हात करून माणसाने इंग्रजीत ‘ठेव ते तिथे’ अशा अर्थाचे तीन शब्द उच्चारावयाचे, की ती आकृती दाखविलेल्या जागी जाई. यंत्रास मोजकेच शब्द ठाऊक होते आणि हाताचा रोखही त्यास अंदाजानेच कळे. तरीही या प्रयोगाने एक गोष्ट दाखवून दिली. दोन अपुरी ज्ञाने एकत्र आली असता त्यांतून पुरेसे ज्ञान होऊ शकते. वाणी, हस्त, नेत्र, लेखन असे अनेक मार्ग एकाच वेळी वापरणाऱ्या या संवादास प्रस्तुत लेखात ‘बहुमार्गी संवाद’ म्हटले आहे.

या तत्त्वाची कसोटी पुढे शॅरन ओव्हिअट या विदुषींनी घेतली. सन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वाणी आणि लेखणी एकत्र वापरून केलेल्या दोन हजारांहून अधिक आज्ञा तपासल्या होत्या. बोलणाऱ्यांपैकी काहींची मातृभाषा इंग्रजी होती; काही परभाषी असून त्यांच्या इंग्रजीस त्यांच्या भाषेचा हेल होता. केवळ आवाजावर विसंबले असता परभाषी मंडळींचे बोलणे यंत्रास पुष्कळच कमी कळे. लेखणीच्या खुणेची जोड मिळताच मात्र दोन्ही गटांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले. आवाजाने केलेली चूक खूण सावरून घेई, खुणेतील संदिग्धता आवाज दूर करी. ज्यांचे बोलणे ‘प्रमाण’ नाही त्यांनाच या जोडीचा लाभ अधिक झाला, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. इंदूर, बडोदे, बेळगाव वा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या आपणांस या संशोधनाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी केल्यास या निष्कर्षाकडे बोट दाखवावे.

आता हीच आज्ञा मराठीत आणून पाहू. इंग्रजीत क्रियापद आधी येते. ‘ठेव’ हे ऐकताच यंत्रास कामाचे स्वरूप कळते आणि मग ते ‘काय’ व ‘कोठे’ यांची वाट पाहते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी. ‘ते तिथे’ एवढे ऐकून पुढे ‘ठेव’ येणार, ‘लिही’ येणार की ‘पुसून टाक’ येणार हे सांगता येत नाही. तोवर हाताने दाखविलेल्या दोन्ही जागा यंत्राने ध्यानात धरून ठेवावयाच्या. उलटपक्षी, मराठीजवळ एक साधन आहे जे इंग्रजीजवळ नाही. टेबलावर वही, पुस्तक आणि कागद जवळजवळ पडले असता हाताच्या रोखावरून नेमके काय हवे ते कळणे कठीण. पण ‘ती दे’ म्हटले की वही, ‘ते दे’ म्हटले की पुस्तक, ‘तो दे’ म्हटले की कागद. तीन लिंगे शिकविताना जो मनस्ताप आम्हा शिक्षकांना होतो त्याची येथे थोडी भरपाई होते असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु ही सोय सर्वत्र सारखी टिकत नाही, आणि येथूनच बहुभाषिकतेचा प्रश्न सुरू होतो. ‘पुस्तक’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी, गुजरातीतही नपुंसकलिंगी, हिंदीत मात्र स्त्रीलिंगी. इंदूरच्या मुलाच्या तोंडी दोन्ही भाषा एकाच श्वासात येतात. त्याच्या ‘ती’वरून वही समजावी की पुस्तक? सीमाभागातील स्थिती याहून विलक्षण आहे. जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावच्या मराठी, कानडी आणि उर्दू बोलींचा अभ्यास सन १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. शेकडो वर्षांच्या शेजारामुळे या बोलींची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका बोलीतील वाक्याच्या शब्दाशब्दाखाली दुसरीचा शब्द मांडत जावे आणि वाक्य पुरे व्हावे. शब्द ज्याचे त्याचे, घडण सर्वांची एक! निर्जीव वस्तूंच्या लिंगाच्या बाबतीत तेथील मराठी कानडीच्या वळणावर गेलेली त्यांना आढळली. म्हणजे पुण्याच्या व्याकरणावर पोसलेले यंत्र ज्या खुणेवर भिस्त ठेवील, नेमकी तीच खूण अशा गावी फसवी ठरावयाची. यास चूक म्हणावे की बोलीचा नियम म्हणावे, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. यंत्राच्या दृष्टीने तो नियमच आहे, कारण तो नियमितपणे आढळतो.

मिश्रभाषेचा अभ्यास हा आज या क्षेत्रातील एक प्रमुख प्रवाह आहे. पूर्वीची यंत्रे आधी भाषा निवडावयास लावीत. आता बोलणारा वाक्याच्या मध्यावर भाषा बदलतो हे गृहीत धरून शब्दागणिक भाषा ओळखण्याचे प्रयत्न चालतात. मराठी आणि कानडी वेगवेगळ्या लिप्यांत लिहिल्या जात असल्याने लेखनापुरती तरी ही ओळख सोपी. मराठी व हिंदी मात्र एकाच देवनागरीत लिहिल्या जातात, आणि लिपीबरोबर शब्दही वाटून घेतात. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘राजीनामा’ मराठीत पदत्याग, हिंदीत तडजोड. ‘चेष्टा’ तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. एका पालकांनी मोबाइलवर बोलून लिहविलेले, निम्मे हिंदी व निम्मे मराठी असे पत्र आमच्या शाळेत आले होते. मुलाच्या ‘शिक्षे’विषयी भेटावयाचे आहे, असा त्यातील मजकूर. गृहस्थ आले ते मुलाच्या अभ्यासाची चौकशी करावयास. वर्गशिक्षक बसले होते आपण मुलास काय दंड केला ते आठवीत!

ऐकणे आणि वाचून दाखविणे या दोन कामांतही मराठीची स्वतःची कोडी आहेत. ‘जग’ हे अक्षरे पाहता एकच; विश्व या अर्थी त्यातील ज तालव्य, ‘जगणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थी दंततालव्य. ‘काच’ म्हणताना च दातांकडे झुकतो, ‘काचेवर’ म्हणताच तो टाळूकडे वळतो. लिपी हा भेद दाखवीत नाही. आपण तो आईच्या तोंडून शिकतो, यंत्रास आई नाही. उलट ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या वाक्यांतील भेद लिपी काटेकोरपणे दाखविते, कानास मात्र तो निमिषमात्रच लागतो. संगणकासाठी ठरलेल्या जागतिक अक्षरसंहितेत, म्हणजे युनिकोडात, या दुसऱ्या रकाराची सोय आहे. मोडी लिपीसही तेथे सन २०१४ मध्ये स्थान मिळाले. जुन्या दप्तरांतील मोडी यंत्राने वाचावी यासाठी चाललेले काम याच क्षेत्राचा एक फाटा आहे. त्याविषयी स्वतंत्र लेखच हवा.

यंत्र जेव्हा उलट बोलते तेव्हा निराळाच प्रश्न उभा राहतो. ते आपणास ‘तू’ म्हणणार, ‘तुम्ही’ म्हणणार की ‘आपण’? इंग्रजीस मध्यस्थ ठेवून केलेल्या भाषांतरात हा विवेक वाटेतच गळतो, कारण मध्यस्थाजवळ तिघांसाठी एकच शब्द. ‘आम्ही जाऊ’ आणि ‘आपण जाऊ’ यांतील भेदही असाच बुडतो. पहिल्यात ऐकणारा घरी राहतो, दुसऱ्यात तो बरोबर येतो. गुजरातीत हा भेद ‘अमे’ व ‘आपणे’ या रूपांनी नांदत आहे. तेव्हा बडोद्याच्या माणसाचे गुजराती वाक्य इंग्रजीच्या वाटेने मराठीत आणणे म्हणजे शेजारच्या घरी जाण्यासाठी गावास वळसा घालणे, आणि वळशात सोबतीही हरवणे. भारतीय भाषांचे परस्परांत थेट भाषांतर, ही दिशा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. चेन्नई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘एआय फॉर भारत’ या गटाने सन २०२३ मध्ये आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांसाठी भाषांतराचे साधन खुले केले, ही त्या दिशेची आशादायक खूण होय.

हल्लीची यंत्रे नियम पाठ करून शिकत नाहीत. हजारो तासांचे बोलणे व त्याचे लेखन समोर ठेवले की त्यातून ती स्वतःच वळण उचलतात. म्हणून ज्याचे नमुने आहेत ते बोलणे यंत्रास कळते, ज्याचे नाहीत ते कळत नाही. सन २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लक्ष होते; तेव्हा मराठी काही निर्धन भाषा नव्हे. प्रश्न कोणत्या मराठीचा हा आहे. नमुने गोळा करणाराने भाषा आणि राज्य यांची सांगड घालण्याची सोपी वाट धरली, तर मराठीसाठी तो महाराष्ट्रात जाईल आणि मध्य प्रदेशात हिंदीसाठी येईल. मग इंदूरच्या राजवाड्यामागे राहणारा मराठी गृहस्थ कोणत्याच यादीत सापडावयाचा नाही. त्याचे बोलणे यंत्रास कळले नाही की त्यापुढे दोनच मार्ग उरतात: यंत्राशी हिंदीत बोलणे, किंवा पाठ्यपुस्तकातील मराठी बोलणे. मुले पहिला मार्ग धरतात हे आम्ही पाहतच आहोत.

केंद्र शासनाने सन २०२२ मध्ये आरंभिलेल्या ‘भाषिणी’ योजनेत ‘भाषादान’ नावाचा भाग असून तेथे कोणाही नागरिकास आपल्या भाषेतील आवाजाचे नमुने देता येतात. परंतु छापील वाक्य वाचून दिलेल्या नमुन्यात बोली उतरत नाही. वाचताना प्रत्येकजण सावध होतो. दोन माणसे काहीतरी करीत असताना बोलतात, पापड वाळवताना, हिशेब जुळवताना, नकाशावर रस्ता दाखवताना, ते बोलणे चित्रासह टिपले पाहिजे. तरच ‘ते’ आणि ‘तिथे’ यांबरोबर हातही नोंदला जाईल. हे काम दूरच्या प्रयोगशाळेस साधणे कठीण. अकादमीच्या प्रत्येक शाखेस ते साधेल.

त्यात शिक्षकांस एक गोष्ट जड जाणार आहे. ध्वनिमुद्रणाचे लेखन करताना तांबडी शाई बाजूला ठेवावी लागेल. आजोबा ‘तो येऊन राहिला आहे’ म्हणाले तर ‘तो येत आहे’ असे लिहून चालणार नाही. तसे लिहिले की यंत्र एक आवाज ऐकेल व दुसरेच अक्षर पाहील, आणि त्या नमुन्याचा उपयोग नसून अपायच होईल. वाक्यात हिंदी, गुजराती वा कानडी शब्द आला तर तो कोणत्या भाषेतील म्हणून आला याची खूण करावी. ‘शिक्षा’सारख्या शब्दापाशी तर अवश्य. बोलणाराचे गाव, वय आणि घरात व बाजारात बोलावयाच्या भाषा यांची नोंद हवी. नावाची गरज नाही. संमती लेखी घ्यावी. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत सन २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे, म्हणून आरंभ शाळेतील मुलांपासून न करता त्यांच्या आजी-आजोबांपासून करणे सर्वच दृष्टींनी श्रेयस्कर.