मसल कारच्या फटी वाकड्या का?

इअरफोन न लावता वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना आलेले 'म्हणजे', 'तर' जमतील तेवढे काढलेत.

'फास्ट अँड फ्युरियस'च्या पहिल्या सिनेमातली डॉमची काळी १९७० ची डॉज चार्जर सगळ्यांना आठवत असेल. आता एक काम करा. यूट्यूबवर त्या काळातल्या कुठल्याही मसल कारचा असा व्हिडिओ शोधा, ज्यातली गाडी रिस्टोअर केलेली नाही, कारखान्यातून आली तशीच आहे. पॉज करा आणि दार आणि पुढचा फेंडर यांच्यामधली रेघ झूम करून बघा. वर बारीक, खाली जाड. डावीकडे एक माप, उजवीकडे दुसरं. बोनेट एका कोपऱ्यात किंचित उचललेलं. यालाच पॅनेल गॅप म्हणतात. टेस्लाच्या मॉडेल ३ ला सुरुवातीला याच कारणावरून इंटरनेटने सोलून काढलं होतं. पण १९६० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांसमोर टेस्ला म्हणजे अगदी शिस्तीचं पोर.

फट मुळात लागतेच. दार बिजागरीवर फिरतं, त्याला जागा हवी. गाडी खड्ड्यातून जाताना बॉडी थोडी पिळवटते, तेव्हा पत्र्यावर पत्रा घासायला नको. प्रश्न फट असण्याचा नाही, ती सगळीकडे सारखी का नाही हा आहे.

'त्या काळी कामगार निष्काळजी होते' हे सोपं उत्तर मला पटत नाही. खरी गोष्ट गणितात आहे.

समजा, दार आणि फेंडर यांच्यातली एक फट पाच गोष्टींवर ठरते: दाराचा पत्रा, बिजागरी, बिजागरी जिथे बसते तो खांब, फेंडरचा पत्रा आणि फेंडर जिथे बोल्टने आवळतात ती जागा. प्रत्येकात एक मिलिमीटर इकडेतिकडे चालेल असं ठरवलं. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, बरोबर? पण पाचही चुका एकाच दिशेने झाल्या तर फट ५ मिमीने हलली. सगळ्या एकाच दिशेने जाणं दुर्मीळ, म्हणून इंजिनिअर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. पाचाचं वर्गमूळ साधारण २.२. म्हणजे बहुतेक गाड्यांत फट २.२ मिमीच्या आत हलेल, आणि नेहमीच्या हिशेबाने हजारात तीनेक गाड्या त्याच्याही बाहेर जातील.

हजारात तीन ऐकायला छान वाटतं. पण फोर्ड मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये आली आणि पहिल्या वर्षातच ४ लाखांहून जास्त विकली गेली. त्या हिशेबाने हजाराच्या वर गाड्या बिघडलेल्या, आणि हे फक्त एका फटीचं झालं. एका गाडीवर अशा फटी किती असतात ते मोजा. शिवाय या गणितात आपण सरासरी बरोबर आहे असं धरलंय. प्रत्यक्षात पत्रा दाबणारी डाय झिजते, प्रेसमधून निघालेला पत्रा थोडा मागे उसळतो, वेल्डिंग करताना पत्रा पकडून ठेवणारा जिग सैल होतो. म्हणजे सरासरीच हळूहळू सरकत जाते. सोमवारची गाडी आणि महिनाअखेरची गाडी दोन वेगळ्या मापांच्या.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. कॅमेरोसारख्या जनरल मोटर्सच्या गाड्यांची बॉडी शेवर्ले बनवत नसे. ती फिशर बॉडी नावाचा त्याच कंपनीचा वेगळा विभाग बनवायचा. छत, खांब, दारं, डिकी हे सगळं फिशरकडे. पुढचे फेंडर आणि बोनेट शेवर्लेच्या बाजूला बसायचे, आणि रंगही तिकडे वेगळा लागायचा. म्हणजे दाराची मागची फट एका टीमची, पुढची फट दोन टीमच्या सीमेवरची! सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे आत्ता हसले असतील. दोन टीमचा कोड वेगवेगळा नीट चालतो, जोडला की फुटतो. इथे तर रंगाची छटाही कधीकधी दाराजवळ बदललेली दिसते.

क्रम लक्षात घ्या. मागचं क्वार्टर पॅनेल वेल्ड केलेलं असतं, ते हलत नाही. दार त्याच्याशी जुळवायचं. मग दाराशी फेंडर, आणि दोन्ही फेंडरशी बोनेट. मागे झालेली चूक अशी ढकलत ढकलत पुढे येते, म्हणून बोनेटपाशी सगळ्यांचे हिशेब बाहेर पडतात.

कारखान्यालाही हे माहीत होतं, म्हणून जुळवायची सोय ठेवली होती. बिजागरीच्या बोल्टची भोकं मुद्दाम मोठी. फेंडरखाली सरकवायला शिम, म्हणजे खाच असलेल्या पत्र्याच्या पातळ चकत्या. बोनेटखाली कमीजास्त करता येणारी रबरं. आणि हे सगळं कमी पडलं तर रबरी हातोडा आणि लाकडाचा ठोकळा, दार वाकवून बसवायला. खरंच. आपल्याकडचा डेंटर जे करतो तेच, फक्त चालत्या लाइनवर. वेळ किती? मोठ्या कारखान्यांत तासाला साठच्या आसपास गाड्या निघायच्या, म्हणजे मिनिटाला एक. एका मिनिटात दोन शिम घालून फट डोळ्यांनी बघायची आणि पुढची गाडी आलीच.

मग कंपन्यांनी यावर पैसे का नाही खर्च केले? कारण गिऱ्हाईक फटीचे पैसे देत नव्हतं. १९६४ ची मस्टँग २,३६८ डॉलरपासून सुरू व्हायची. १९६८ ची प्लिमथ रोडरनर तर मुद्दाम स्वस्त ठेवलेली गाडी होती, मोठं इंजिन आणि किंमत ३,००० डॉलरच्या आत. आत साधा बेंच सीट. पण कार्टूनमधल्या पक्ष्यासारखा 'बीप बीप' वाजणारा हॉर्न हवा म्हणून प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सला नावाचे पैसे मोजले. फटीपेक्षा हॉर्नवर खर्च करणं त्या बाजारात शहाणपणाचंच होतं, असं माझं मत. सिग्नलवर शेजारच्या गाडीला मागे टाकायचं होतं, दाराशी पट्टी कोण लावतंय!

गाडी विकल्यावर फटी बदलत राहायच्या ते वेगळंच. ही दारं लांब आणि जड, कारण बहुतेक मसल कार दोन दारांच्या. बिजागरीची पिन झिजली की दार मागच्या टोकाला खाली लोंबतं. मस्टँग, चार्जर यांना वेगळी चेसिस नसते, बॉडीच सगळा भार घेते. त्यात मोठ्या इंजिनाचा टॉर्क. ड्रॅग रेसमध्ये खूप पळवलेल्या गाड्यांची बॉडी पिळवटते, म्हणून बरेच मालक पुढचा आणि मागचा भाग जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या खालून वेल्ड करून घेतात. कन्व्हर्टिबलला छपराचा आधारही नाही, तिची अवस्था आणखी नाजूक.

सुधारणा कधी झाली? जपानी गाड्या अमेरिकेत वाढल्यावर फरक डोळ्यांत खुपायला लागला. १९९० च्या दशकात मिशिगन विद्यापीठ आणि वाहन कंपन्यांनी मिळून '२ मिमी प्रोग्रॅम' चालवला. बॉडीतला सगळा फरक मिळून २ मिमीच्या आत आणायचा. लाइनवर लेझर लावून प्रत्येक बॉडी मोजायची, आणि आकड्यांवरून कुठला क्लँप सैल झालाय ते शोधायचं. बॉडीसाठी लॉग फाइल, म्हणा ना.

आता खरा वाद. आज या गाड्या रिस्टोअर करणारे कारागीर फटी इतक्या एकसारख्या करतात की पट्टी लावून बघावी. त्यासाठी दाराच्या कडेवर वेल्डिंगने धातू चढवतात, मग घासून हवं ते माप आणतात. हे कामही चाकांवर उभ्या गाडीवर, इंजिन आत असताना जुळवावं लागतं. रिकामी बॉडी स्टँडवर टांगून जुळवली तर वजन पडल्यावर फट परत हलते. कारागिरीला सलाम, पण अशी गाडी १९६९ मध्ये कुठल्याच शोरूममध्ये उभी नव्हती. कॉर्व्हेटवाल्यांच्या एनसीआरएस या संस्थेत तर गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती यावरच मार्क मिळतात. जास्त सुंदर केलंत तर मार्क कापले जातात.

मी इथे एनसीआरएसच्या बाजूने आहे, निदान ज्या गाडीचा मूळ पत्रा अजून टिकलाय तिच्यासाठी. एकदा कड वेल्ड करून घासली की कारखान्याचं ते माप कायमचं गेलं, बॅकअप नाही. जिचं अर्धं अंग गंजून गेलंय आणि नवे बाजारी फेंडर लावायचेच आहेत, तिच्या फटी खुशाल आरशासारख्या करा. बाजारी फेंडर तसेही पहिल्या फटक्यात बसत नाहीत.

पण सगळ्याच वाकड्या फटी 'ओरिजिनल' म्हणून खपवणाऱ्यांपासून सावध. परदेशात असलेल्या आपल्या बऱ्याच श्रोत्यांना अशी गाडी घ्यायची हौस आहे, त्यांच्यासाठी सांगतो. कारखान्याची चूक सहसा गाडीभर विखुरलेली असते, सगळीकडे थोडी थोडी. अपघाताची चूक एका कोपऱ्यात गोळा होते: एका बाजूचं बोनेट, फेंडर, दार तिन्ही बिघडलेले आणि दुसरी बाजू ठीक. दार उघडून मागच्या टोकाला धरून वर उचला. खडखडलं तर बिजागरी झिजलीय, तो खर्च छोटा. दार घट्ट आहे आणि तरी फट खाली मिटत जातेय, तर खालचा रॉकर पॅनेल किंवा खांबाचं बूड गंजलेलं असू शकतं, तो खर्च मोठा. फडक्यात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक कडेकडेने फिरवा, जिथे पकड सुटते तिथे पुट्टी आहे. फक्त कॉर्व्हेटवर हा प्रयोग करू नका, तिची बॉडी फायबरग्लासची आहे, चुंबक कुठेच चिकटणार नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये कार्ब्युरेटर. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, एका मिनिटाच्या आत बसवा म्हणजे झालं.