अडकलेला टायमिंग गिअर सोडविण्याची शास्त्रीय पद्धती : नंदुरबार जिल्ह्यातील वाहनदुरुस्तीच्या संदर्भात

प्रस्तावना :
दि. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या रांगांत वसलेले आहेत. तेथील अनेक पाड्यांवरील लोकांना बाजार वा दवाखाना गाठण्यासाठी घाटातून चालणाऱ्या जीपगाडीचाच आधार असतो. इंजिन दुरुस्त करताना न निघणाऱ्या गिअरवर हातोडा चालविला गेला, तर किरकोळ काम मोठ्या खर्चाचे होते आणि गाडी दीर्घकाळ बंद पडते. प्रस्तुत लेखात क्रँकशाफ्टवरील टायमिंग गिअर सुरक्षितपणे काढण्याची पद्धती स्पष्ट केली आहे.

गिअर घट्ट बसण्याची कारणे :
अनेक इंजिनांत या गिअरचे छिद्र शाफ्टच्या व्यासापेक्षा काही शतांश मिलिमीटरने मुद्दाम लहान ठेवलेले असते. त्यामुळे गिअर शाफ्टला आवळून धरतो. खाचेतील चावी त्याला फिरू देत नाही. कालांतराने गंज व जळलेल्या तेलाचा थर साचून ही पकड अधिकच घट्ट होते.

तत्त्व :
बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती प्रथम तापवितो. तापलेली धाव प्रसरण पावते, चाकावर सहज बसते आणि निवताच आवळते. गिअर काढताना हेच तत्त्व उलट्या क्रमाने उपयोगी पडते. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशाने वाढते. म्हणजेच ४० मि.मी. व्यासाचे छिद्र १०० अंशांच्या तापमानवाढीने सुमारे ०.०४८ मि.मी. मोठे होते. पकड सैल होण्यास एवढी वाढ बहुधा पुरेशी ठरते.

कार्यपद्धती :
प्रथम पुढील बोल्ट, वॉशर व अडकणकडी निघाली आहे याची खात्री करावी. पुष्कळदा गिअर न निघण्याचे कारण तेच असते. दोन्ही गिअरांवरील जुळणीच्या खुणा नोंदवून घ्याव्यात. त्यानंतर पुलरचे आकडे गिअरच्या मागे समान अंतरावर लावावेत व शाफ्टच्या टोकावर संरक्षक चकती ठेवून मधला स्क्रू सावकाश आवळावा. आकडे दातांवर टेकवू नयेत. गिअर हलत नसल्यास ताण कायम ठेवून गरम हवेच्या झोताने केवळ गिअर चोहोबाजूंनी तापवावा. शाफ्ट तापण्यापूर्वी पुलर पुन्हा आवळावा. तापविण्याआधी सांडलेले तेल व इंधन पुसून काढणे अत्यावश्यक आहे.

दक्षता :
हातोड्याच्या आघाताने दात तुटतात, तसेच क्रँकशाफ्टच्या बेअरिंगला इजा पोहोचते. गिअर निळसर होईपर्यंत तापविल्यास, म्हणजे सुमारे ३०० अंशांपर्यंत नेल्यास, दातांचा कठीणपणा कमी होऊ शकतो. पुनर्जुळणीत चूक झाल्यास परिणाम गंभीर होतात. गिअरला २० दात असल्यास एका दाताच्या चुकीने झडपांची वेळ क्रँकच्या १८ अंशांनी बदलते. काही इंजिनांत झडप पिस्टनवर आदळू शकते.

निष्कर्ष :
अडकलेला गिअर बळाने नव्हे, तर समान ताण व नियंत्रित उष्णता यांच्या योगाने सोडवावा. लोहाराच्या भात्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले ज्ञान गॅरेजमधील मिस्त्रीनेही आत्मसात केल्यास दुर्गम भागातील वाहनांचे आयुष्य निश्चितच वाढेल.