पगार एक, हुद्दा एक, कर दोन

पुण्यात नेमणूक असलेल्या जवानाची बदली जोधपूरला झाली म्हणून त्याच्या प्राप्तिकराचे दर बदलत नाहीत. शेतीचं उत्पन्न वगळता उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार आपल्या राज्यघटनेने केंद्राकडे ठेवला आहे, त्यामुळे प्राप्तिकर इथूनतिथून एकच. राज्यांच्या हातात उरतो तो व्यवसाय कर, तोही वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसाय कर कायद्याने तर राज्यात सेवा बजावणाऱ्या तिन्ही सैन्यदलांतल्या लोकांना त्यातूनही सूट दिली आहे. म्हणूनच आपल्याकडच्या फौजी घरांत बदलीचा हुकूम आला की चर्चा होते ती क्वार्टरची, मुलांच्या शाळेची, सामान हलवण्याची. कराचा विषय निघत नाही.

ब्रिटन आणि अमेरिकेत मात्र तो निघतो. तिथे देशाच्या एका भागात आयकराचा दर एक, दुसऱ्या भागात दुसरा. इतर नोकरदार माणूस निदान विचार करून घर हलवतो. सैनिकाला हुकूम येतो आणि त्याला जावं लागतं. मग ज्या गावी तो स्वतःच्या मर्जीने गेलेलाच नाही, त्या गावचा जादा कर त्याने का भरावा? या दोन देशांनी या प्रश्नाची उत्तरं अगदी वेगवेगळ्या वाटांनी शोधली आहेत.

आधी ब्रिटन. पगारावरच्या आयकराचे दर आणि टप्पे स्वतः ठरवण्याचा अधिकार स्कॉटलंडच्या संसदेला २०१६ च्या कायद्याने मिळाला आणि एप्रिल २०१७ पासून तो वापरात आला. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडने आपले पाच टप्पे केले. आता ते सहा आहेत. फरक किती पडतो हे २०२५-२६ या करवर्षाच्या आकड्यांवरून पाहू. दोन अधिकारी आहेत, दोघांचा पगार वर्षाला ५०,००० पौंड. एकाचं घर इंग्लंडमध्ये, दुसऱ्याचं स्कॉटलंडमध्ये. पहिले १२,५७० पौंड दोघांनाही करमुक्त. इंग्लंडमधल्या अधिकाऱ्याच्या उरलेल्या ३७,४३० पौंडांवर सरसकट २० टक्के लागतात, म्हणजे ७,४८६ पौंड. स्कॉटलंडमध्ये त्याच रकमेचे चार तुकडे पडतात. पहिल्या २,८२७ पौंडांवर १९ टक्के, पुढच्या १२,०९४ वर २० टक्के, त्यापुढच्या १६,१७१ वर २१ टक्के आणि शेवटच्या ६,३३८ वर एकदम ४२ टक्के. बेरीज होते जवळपास ९,०१४ पौंड. हुद्दा तोच, पगार तोच, पण वर्षाकाठी १,५२८ पौंडांचा फरक; महिन्याला सव्वाशेहून अधिक पौंड.

हा भार मुख्यतः त्या ४२ टक्क्यांमुळे पडतो. स्कॉटलंडमध्ये हा दर ४३,६६२ पौंडांच्या वर सुरू होतो, तर इंग्लंडमध्ये ४० टक्क्यांचा टप्पा ५०,२७० पौंडांनंतर येतो. शिवाय नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे सरकारी सामाजिक विम्याची, वर्गणी साऱ्या ब्रिटनमध्ये सारखीच, ५०,२७० पौंडांपर्यंत ८ टक्के. त्यामुळे या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात स्कॉटलंडमधल्या माणसाच्या प्रत्येक जादा पौंडातला अर्धा पौंड कापला जातो. इंग्लंडमध्ये तेवढ्याच कमाईवर २८ टक्के जातात. नेमकी बढती मिळून पगार या पट्ट्यात आलेल्याला हे फार टोचतं. तळाच्या पगाराचं चित्र मात्र उलटं आहे: २०२५-२६ च्या आकड्यांनुसार ३०,३१८ पौंडांहून कमी कमावणारा स्कॉटलंडमध्ये किंचित कमी कर भरतो, पण ही बचत वर्षाला फार तर २८ पौंड.

आता स्कॉटलंडचा करदाता नेमका कोण? कागदोपत्री नेमणूक कुठे आहे याला इथे महत्त्व नाही, मुख्य घर कुठे आहे याला आहे. समजा, पाणबुडीवरच्या एका नौसैनिकाचं कुटुंब पोर्ट्समथला राहतं आणि तो ग्लासगोजवळच्या फासलेन तळावरच्या बराकीत राहून सुट्टीला घरी जातो. तो इंग्लंडच्याच दराने कर भरेल. बायकामुलं त्याच्याबरोबर तळाजवळच्या सरकारी घरात राहायला आली आणि तेच त्याचं मुख्य घर झालं, तर तो स्कॉटलंडचा करदाता. याउलट ज्याचं घरदार ग्लासगोत आहे, तो इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉटच्या छावणीत राहत असला तरी दर स्कॉटलंडचा लागतो. अविवाहित माणसाला बराकीखेरीज घरच नसेल आणि मुख्य घर ठरवता येत नसेल, तर वर्षातले दिवस मोजले जातात.

यातला सर्वांत अवघड नियम वर्षाचा. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि स्कॉटलंडचा करदाता हा दर्जा त्या अख्ख्या वर्षाला लागू होतो. अर्धं वर्ष इकडे, अर्धं तिकडे अशी वाटणी नसते. मुख्य घर वर्षाचा जास्त काळ जिथे, तिथला दर पूर्ण वर्षाच्या पगारावर. म्हणून जूनमध्ये कुटुंबासह उत्तरेला हललेला अधिकारी एप्रिलपासूनचा कर स्कॉटलंडच्या दराने भरतो आणि डिसेंबरमध्ये हललेला भरत नाही. बदलीचा महिना ठरवणं दोघांच्याही हातात नसतं.

नौदलाच्या पाणबुड्यांचा तळ फासलेनला आहे आणि हवाई दलाचा लॉसीमाउथचा तळही स्कॉटलंडमध्येच आहे. म्हणजे तिकडे माणसं पाठवणं टळणारं नाही. २०१८ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री गॅव्हिन विल्यमसन यांनी तोडगा जाहीर केला: कराचे दर तसेच राहतील, पण स्कॉटलंडच्या करामुळे ज्याचं नुकसान होतं, त्याला संरक्षण मंत्रालय करवर्ष संपल्यावर भरपाई देईल. एप्रिल २०१८ पासूनचा फरक त्यात धरला गेला. ही भरपाई नियमित सेवेतल्या सैनिकांपुरती आहे. सैनिकाची पत्नी किंवा पती तिथे शाळेत वा दवाखान्यात नोकरी करत असेल, तर जादा कर ज्याचा त्याने सोसायचा.

स्कॉटलंडची बाजूही ऐकण्यासारखी आहे. तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं सगळ्यांना मोफत आहेत, तिथल्या रहिवासी विद्यार्थ्यांना पदवीचं शिक्षण विनाशुल्क आहे, आणि सैनिकांच्या घरांनाही यातलं बरंच मिळतं. हे मान्यच. पण दोन-तीन वर्षांनी पुन्हा बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला त्यातलं किती येणार?

अमेरिकेने हा प्रश्न मुळातच वेगळ्या जागी धरला. तिथे केंद्राचा आयकर सर्वत्र सारखा, पण बहुतेक राज्यांचा स्वतःचा आयकर त्यावर असतो. टेक्सास, फ्लोरिडा, नेवाडा अशा काही राज्यांत पगारावर राज्याचा कर अजिबात नाही. कॅलिफोर्नियात वरचा दर १३.३ टक्क्यांपर्यंत जातो. सैनिक आणि खलाशांना दिवाणी बाबतींत संरक्षण देणारा कायदा १९४० मध्ये झाला, १९४२ मध्ये त्यात कराचं कलम आलं आणि २००३ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. तत्त्व साधं आहे. हुकमावरून एखाद्या राज्यात राहिल्याने सैनिक तिथला रहिवासी होत नाही, आणि हुकमावरून घर सोडल्याने आपल्या राज्याचा रहिवास गमावतही नाही. त्याच्या लष्करी पगारावर कर लावायचा तर तो त्याच्या कायदेशीर राज्याने. जिथे छावणी आहे त्या राज्याने नव्हे. त्यामुळे टेक्सासचा रहिवासी असलेला सार्जंट कॅलिफोर्नियात कितीही वर्षं नोकरी करो, त्याच्या लष्करी पगाराला कॅलिफोर्निया हात लावू शकत नाही.

हे तत्त्व कोर्टातही टिकलं. लुइझियानाच्या एका हवाई दलाच्या अधिकाऱ्याची नेमणूक डेन्व्हरला होती, आणि त्याच्या घरातल्या सामानसुमानावर तिथे कर बसवला गेला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की लुइझियानाने त्या वस्तूंवर कर घेतला की नाही हा मुद्दाच नाही. डेन्व्हरला तो घेता येणार नाही.

सवलतीला मर्यादा आहेत. तोच सार्जंट सुट्टीच्या दिवशी गावातल्या दुकानात काम करत असेल, तर त्या कमाईवर तिथला कर लागतो; तिथे घेतलेल्या घराच्या भाड्यावरही लागतो. कायदेशीर राज्य बदलायचं तर डीडी २०५८ क्रमांकाचा फॉर्म आहे, पण नुसता फॉर्म भरून भागत नाही. त्या राज्यात प्रत्यक्ष राहिलेलं असावं आणि तिथेच कायम घर करण्याचा इरादा दिसावा: मतदार यादीतलं नाव, वाहन परवाना, गाडीची नोंदणी, मृत्युपत्रातला पत्ता. भरती होताना नोंदलेलं ‘होम ऑफ रेकॉर्ड’ आणि करासाठीचं राज्य ही एकच गोष्ट समजून अनेकजण गोंधळतात. पहिली नोंद सेवा सोडताना परतीचा प्रवासखर्च ठरवण्यासारख्या कामांसाठी असते, दुसरीवरून कर कापला जातो.

जोडीदारांना न्याय मिळायला मात्र फार उशीर झाला. २००९ च्या कायद्याने सैनिकाबरोबर राहणाऱ्या पत्नीला किंवा पतीला स्वतःच्या राज्याचा रहिवास टिकवता आला, पण दोघांचं राज्य एकच असेल तर. २०१८ मध्ये सैनिकाचं राज्य आपलं म्हणून निवडण्याची मुभा मिळाली. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने दोघांनाही सैनिकाचं राज्य, जोडीदाराचं राज्य किंवा कायम नेमणुकीचं राज्य यांतून निवड करता येते.

या दोन वाटांमध्ये मला अमेरिकेची वाट अधिक न्याय्य वाटते. तिथे संरक्षण कायद्यात आहे, सैनिकाला भरपाईची वाट पाहावी लागत नाही, आणि जोडीदाराचाही विचार झाला आहे. ब्रिटनची भरपाई चांगली आहे, पण ती मंत्रालयाचं धोरण आहे; धोरण एका आदेशाने बदलतं. तिला कायद्याचा आधार मिळायला हवा.

मराठी घरांतली मुलंमुली आता परदेशी स्थायिक होतात आणि त्यातली काही तिथल्या सैन्यातही असतात. तुमच्या घरातलं कुणी असेल, तर त्याला पगारपत्रक एकदा नीट पाहायला सांगा. ब्रिटनमध्ये करसंकेताच्या आधी इंग्रजी ‘एस’ असेल, तर कापणी स्कॉटलंडच्या दराने होते आहे. ‘सी’ असेल तर वेल्सच्या, पण तिथले दर आजवर इंग्लंडइतकेच राहिले आहेत. अमेरिकेत पगारपत्रकावर राज्याच्या कराचा वेगळा रकाना असतो. तिथे लिहिलेलं राज्य आपलं नसेल, तर युनिटच्या वेतन कार्यालयात त्याच आठवड्यात अर्ज द्यावा.